नवं विमान घरी आणताना शेजारी शिक्षक हवा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत विमानाच्या आवाजाने आता कुणी मान वर करून बघत नाही. कटफळ आणि गोजुबावीच्या शिवारावरून प्रशिक्षणाची छोटी विमानं सकाळपासून घिरट्या घालत असतात. एमआयडीसीने बांधलेली धावपट्टी, तिच्या कडेची हँगर, आत उभी असलेली सेस्ना आणि टेकनाम बनावटीची विमानं, आणि वैमानिक व्हायला परगावाहून येऊन बारामतीत खोल्या घेऊन राहिलेली मुलं-मुली, हे सगळं इथं रुळून गेलं आहे. पर्जन्यछायेतला हा कोरडा पट्टा उड्डाणाला सोयीचा. सह्याद्रीपलीकडे ढग महिनोन्‌महिने हटत नाहीत, तेव्हाही इथं उड्डाणाजोगे दिवस मिळतात.

ही विमानं शिकवण्यासाठी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती बारामतीत येतात कशी, आणि त्या प्रवासात कुणाला काय शिकायला मिळतं, हे सहसा कुणी विचारत नाही. नव्याने घेतलेलं छोटं विमान घरच्या धावपट्टीवर आणण्याचा प्रवास शिक्षकाच्या सोबतीने केला, तर उड्डाणशिक्षणातला तो सर्वांत भरीव धडा ठरतो. शिक्षकाविना केला, तर वैमानिकाच्या आयुष्यातले ते सर्वांत धोक्याचे तास असू शकतात. म्हणून हा प्रवास केवळ ‘पोहोचवण्याचं काम’ समजून उरकू नये. त्याला रीतसर प्रशिक्षणाचा दर्जा द्यायला हवा.

शिक्षक नसला की काय होतं, याचं एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. गायक जॉन डेन्व्हर हा काही नवशिका वैमानिक नव्हता. त्याच्या नावावर २,७०० तासांहून अधिक उड्डाण होतं. १९९७मध्ये त्याने एक लाँग-ईझी विमान विकत घेतलं. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून एका हौशी माणसाने बांधलेलं, शेपटीऐवजी नाकाशी छोटे पंख असलेलं हे वेगळ्याच ठेवणीचं विमान. ११ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातल्या सांता मारिया इथं त्याला अर्ध्या तासाच्या आसपास एक ओळखीचं उड्डाण देण्यात आलं, आणि तो ते विमान घेऊन माँटेरेला आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा उडाला आणि पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा तपास वाचताना सगळं लक्ष एका छोट्या दांडीवर येऊन थांबतं. एका टाकीतलं इंधन संपलं की दुसऱ्या टाकीवर जाण्यासाठी फिरवायची ती दांडी. मूळ आराखड्यात ती वैमानिकाच्या समोर, हाताशी होती. या विमानात ती डाव्या खांद्यामागे बसवलेली होती. तिच्यावर खुणा नव्हत्या. ती फिरवायची तर वैमानिकाने मान आणि कंबर डावीकडे वळवून उजवा हात मागे न्यायचा, आणि असं वळताना उजवा पाय नकळत रडरच्या, म्हणजे विमानाची दिशा वळवणाऱ्या, पायटीवर दाबला जायचा. इंधन दाखवणाऱ्या नळ्या मागच्या आसनाजवळ होत्या, त्यांच्यावरही खुणा नव्हत्या. माँटेरेच्या तंत्रज्ञाने पकड लावून दांडी लांब करता येते का ते पाहिलं, ते जमलं नाही. नळ्या दिसाव्यात म्हणून त्याने छोटा आरसा दिला. इंधन भरू का, असं विचारलं गेलं तेव्हा तासाभराच्या उड्डाणाला गरज नाही, असं डेन्व्हरने सांगितलं. मंडळाने अपघाताच्या कारणांत दांडीची जागा धरली, अपुरं इंधन धरलं, आणि या जातीच्या विमानाचं पुरेसं प्रशिक्षण न झाल्याचंही नोंदवलं.

२,७०० तासांचा अनुभव असलेल्या माणसाला कमी पडले ते चार-पाच तास. याच विमानातले, याच दांडीशी हात बसेपर्यंतचे. जमिनीवर डोळे मिटून दांडी शोधायची, मग उंचावर, खाली उतरायला जागा आहे अशा ठिकाणी टाकी बदलून बघायची, पाय कुठे जातो ते शेजारच्याने सांगायचं. कुठलाही जाणता प्रशिक्षक पहिल्याच दिवशी हे करून घेतो.

दुसरं उदाहरण जॉन एफ. केनेडी यांच्या मुलाचं. धाकट्या केनेडीने १९९९च्या एप्रिलमध्ये पायपर साराटोगा घेतलं. सहा आसनांचं, ताकदवान, चाकं पोटात घेणारं विमान. त्याच्या जवळपास ३१० तासांच्या अनुभवातले ३६च तास या विमानातले होते, आणि त्यांतलेही बहुतेक प्रशिक्षकासोबतचे. १६ जुलैच्या रात्री न्यू जर्सीतून निघताना एका प्रशिक्षकाने सोबत येण्याची तयारी दाखवली होती. केनेडीला ते उड्डाण एकट्याने करायचं होतं. धुरकट हवेत, समुद्रावर, क्षितिज दिसेनासं झालेल्या अंधारात त्याचा तोल सुटला. सोबत पत्नी आणि मेहुणी होत्या. तिघंही गेले. न्यू जर्सीत आज मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. अमेरिकेत हौसेने वैमानिक होणाऱ्या मराठी तरुणांना ही गोष्ट सांगायला हवी.

अशा घटना टाळणारी एक रीत अमेरिकेत रूढ आहे. छोटं विमान विकत घेणारा माणूस पुष्कळदा प्रशिक्षकाला सोबत नेतो. दोघं विक्रेत्याच्या गावी जातात, कागदपत्रं आणि विमान तपासतात, आणि एक-दोन दिवसांत ते घरी आणतात. प्रशिक्षक हा सगळा प्रवास मालकाच्या लॉगबुकात प्रशिक्षण म्हणून लिहितो. शेपटीच्या चाकावर टेकणारं विमान, चाकं आत घेणारं विमान, २०० अश्वशक्तीपेक्षा जास्त ताकदीचं विमान, यांसाठी प्रशिक्षकाची वेगळी नोंद तिथल्या नियमांनी सक्तीची केली आहे, आणि ती या प्रवासात मिळवता येते. विमा कंपन्याही अनेकदा तेच मागतात: या विमानात प्रशिक्षकासोबत अमुक तास झाल्याशिवाय एकट्याने उडायचं नाही. सिरस ही कंपनी तर तिचं जुनं विमान दुसऱ्याकडून विकत घेणाऱ्यालाही मोफत प्रशिक्षण देते. कंपनीला त्या व्यवहारात पैसा मिळालेला नसतो. तरीही तिला ते परवडतं, कारण नव्या हातातलं विमान पहिल्या काही तासांतच घात करतं, हे ती जाणून आहे.

आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. ऊसतोडणीचं यंत्र घेतलं की कंपनीचा माणूस चार दिवस फडात उभा राहतो, कुठला खटका कधी दाबायचा ते हाताला धरून दाखवतो, आणि मगच यंत्र मालकाच्या ताब्यात येतं.

जाणत्या माणसाच्या सोबतीने लांबचा प्रवास करावा आणि मग एकट्याने उडावं, ही रीत भारतीय विमानोड्डाणाच्या पहिल्या पानांतही सापडते. १९३०च्या मार्चमध्ये आर. एन. चावला आणि अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर हे दोघं जिप्सी मॉथ विमानाने भारतातून इंग्लंडला गेले. त्याच वर्षी अस्पी इंग्लंडहून एकटा परत आला आणि असा प्रवास एकट्याने करणाऱ्यासाठी आगाखानांनी जाहीर केलेलं पारितोषिक त्याने जिंकलं. वाटेत इजिप्तमधल्या अबुकीरला त्याला स्पार्क प्लगची अडचण आली. उलट दिशेने निघालेल्या जेआरडी टाटांनी स्पर्धक असूनही आपल्याकडचे प्लग त्याला दिले. ही हकीकत जेआरडींच्या दिलदारीसाठी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण त्यात उड्डाणाचाही एक धडा आहे. घरापासून हजारो मैल दूर, अनोळखी धावपट्टीवर इंजिन अडखळलं की पिशवीत काय असायला हवं, हे जाताना एकाने दुसऱ्याला शिकवता येतं. चावलांसोबत केलेला प्रवास अस्पीला परतीच्या वाटेवर उपयोगी पडला नसेल, असं कोण म्हणेल? हेच अस्पी इंजिनिअर १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

अलीकडचं उदाहरण मुंबईच्या आरोही पंडितचं. २०१९च्या मे महिन्यात तिने पाचशे किलोहून हलक्या सायनस ९१२ विमानातून अटलांटिक महासागर एकटीने ओलांडला. या मोहिमेची सुरुवात २०१८मध्ये भारतातून झाली तेव्हा विमानात ती एकटी नव्हती, सहवैमानिक मैत्रीण बरोबर होती. हलक्या विमानाचं लांबवर कसं जमतं, हवा कधी ऐकते आणि कधी ऐकत नाही, हे दोघींनी मिळून पाहिलं. एकटीने उडणं त्यानंतर आलं.

आता बारामतीकडे वळू. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, २०० तासांचं उड्डाण मागतं. त्यात १०० तास विद्यार्थ्याने स्वतः मुख्य वैमानिक म्हणून उडवलेले हवेत, आणि ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरचा, दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला एक प्रवास हवा. तो एकदा झाला की एवढ्या लांब प्रवासाची अट संपते. उरलेले बरेच तास घराच्या आसपास जातात. सर्किट, म्हणजे उड्डाण करायचं, चौकोनी फेरी मारायची, टेकायचं आणि पुन्हा उडायचं. याची गरज कुणी नाकारत नाही. हात बसतो तो सर्किटनेच.

पण घराभोवती उडणाऱ्याला घराची सवय लागते. नीरेचा डावा कालवा दिसला की दिशा कळते. भवानीनगरच्या कारखान्याचं धुराडं ओळखीचं, भिगवणजवळ उजनीचं पाणी ओळखीचं, पुणे-सोलापूर महामार्ग ओळखीचा. नकाशा मांडीवर असतो, पण तो वाचावा लागत नाही. रेडिओवरचे आवाजही बहुतेक ओळखीचे असतात. हाच विद्यार्थी अनोळखी मुलुखावर गेला की कालवा कुठला आणि नदी कुठली, समोरचं धुराडं साखरेचं की विजेचं, हे त्याला पहिल्यांदाच स्वतः ठरवावं लागतं.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेलं एक सेस्ना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. विमानात बावीस वर्षांची प्रशिक्षणार्थी एकटी होती, क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या पल्ल्याच्या, उड्डाणावर. ती बचावली. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा बघायला लोक जातात. त्या दिवशी तिथले गावकरी विमानाकडे धावले. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये १९ आणि २२ तारखेला, चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं बारामतीजवळ कटफळ आणि गोजुबावी परिसरात कोसळली, आणि डीजीसीएने संबंधित संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. या तीन अपघातांची कारणं एकच होती, असं म्हणण्याला आधार नाही, आणि नवं विमान आणण्याशी त्यांचा थेट संबंधही नाही. पण एवढं नक्की, की या दोन तालुक्यांत छोट्या विमानाचं शिक्षण ही गावाच्या जिवाभावाची बाब झाली आहे. विमान कुणाच्या शेतात पडेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याला खऱ्या प्रवासाचे धडे जास्त मिळावेत, ही मागणी हँगरच्या भिंतीबाहेरची आहे. ती कडबनवाडीचीही आहे.

असे धडे मिळण्याची एक जागा या संस्थांच्या हातात आहे. परदेशी बनावटीची छोटी विमानं आपल्याकडे बहुधा पंख सुटे करून कंटेनरमधून येतात, इथं जोडली जातात, तपासली जातात, आणि मग एका तळावरून दुसऱ्या तळावर उडत जातात. जुनी विमानं एका क्लबकडून दुसऱ्याकडे विकली जातात. मोठ्या दुरुस्तीसाठी बाहेर गेलेलं विमान परत आणावं लागतं. महाराष्ट्रातच बारामतीखेरीज गोंदिया, शिरपूर, धुळे, जळगाव, नागपूर अशा ठिकाणी उड्डाणप्रशिक्षण रुजलं आहे. म्हणजे विमानांची ही ये-जा चालूच राहणार. या प्रवासात एक आसन रिकामं जात असेल, तर लाखो रुपये खर्च करून शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तो मोठाच तोटा आहे.

समजा, बारामतीच्या एखाद्या संस्थेने नागपूरहून एक जुनं सेस्ना १५२ घेतलं. दोन आसनांचं, ११० अश्वशक्तीचं हे विमान बनवणं कंपनीने १९८५मध्ये बंद केलं, पण शिकवणीसाठी ते अजून हवंहवंसं आहे. पहिलं काम कागदांचं. नोंदणीचं प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आणि त्याचं ताजं नूतनीकरण, वजनाचा तक्ता, रेडिओचा परवाना, विमा, इंजिनाचं आणि विमानाचं लॉगबुक. वर्गात या कागदांची नावं पाठ केली जातात. इथं विद्यार्थ्याने प्रत्येक कागद उलगडून तारीख बघायची, आणि एखादी तारीख उलटून गेलेली असेल तर निघायचं नाही, हे स्वतः बोलायचं.

मग वजन. या विमानाचं उड्डाणावेळचं कमाल वजन ७५७ किलो. टाक्या भरल्या की दोन माणसं आणि सामान मिळून साधारण १८५ किलोच उरतात. ऐंशी-ऐंशी किलोचे दोघं असले तर बॅगांना, हत्यारांच्या पेटीला आणि तेलाच्या डब्यांना पंचवीस किलो. घरच्या धावपट्टीवरून उडताना हे सामान नसतं, म्हणून हे गणित खऱ्या अर्थाने कधी करावंच लागत नाही.

आता अंतर. नागपूर ते बारामती सरळ रेषेत ३०० सागरी मैलांहून थोडं अधिक. १०० नॉटच्या, म्हणजे ताशी १०० सागरी मैलांच्या, वेगाने तीन तास. वापरता येण्याजोगं इंधन सुमारे ९३ लिटर, तासाला २३ लिटरच्या आसपास जळतं, म्हणजे चार तास. कागदावर एक तास हाताशी राहतो. पण जुलैत समोरून पश्चिमेचा वारा असतो. तो २० नॉटचा निघाला की जमिनीवरचा वेग ८० नॉटवर येतो, तीन तासांचे पावणेचार-चार होतात, आणि दिवसाच्या उड्डाणासाठी जे अर्ध्या तासाचं राखीव इंधन ठेवायचं असतं तेही जळून जातं. नांदेडला उतरलं तर? अंतरात वीसेक किलोमीटरचीच भर पडते. सरळ रेषा सोडायची बुद्धी होणं, हा त्या सकाळचा पहिला मोठा धडा.

दुसरा लगेच पुढे उभा. नांदेडला उतरलो, पण विमानाचं पेट्रोल मिळणार का? बहुतेक विमानतळांवर जेटचं इंधन असतं. ते रॉकेलच्या जातीचं. पिस्टन इंजिनाला ते घातलं तर इंजिन हवेत बंद पडेल. छोट्या विमानाला लागतं ते एव्हीगॅस. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इंडियन ऑईलने देशात बनवलेलं एव्हीगॅस १०० एलएल बाजारात आणलं. तोवर ते आयात करावं लागत होतं. देशात बनू लागलं तरी प्रत्येक विमानतळावर ते असेलच असं नाही. आधी फोन करायचा, पिंप मागवायचं, पिंपावरची तारीख आणि सील बघायचं, टाकीत गेल्यावर खालच्या झडपेतून थोडं काढून रंग आणि पाणी तपासायचं. संस्थेच्या हँगरसमोर हे काम दुसरं कुणीतरी करतं. प्रवासात ते विद्यार्थ्याच्या अंगावर येतं.

वाटेतली हवा हा वेगळाच विषय. एप्रिल-मेच्या दुपारी विदर्भ-मराठवाड्यावरून उडताना खालून येणारे तप्त झोत विमानाला उचलतात आणि आपटतात. बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. चाळीस अंशांच्या दुपारी तिथली विरळ हवा इंजिनाला पाच हजार फुटांहून उंचावरच्या हवेसारखी भासते. विमान उशिरा उचलतं आणि सावकाश चढतं. त्यासाठी सकाळी लवकर निघावं. पण कागद जुळायला उशीर झाला, नांदेडला पिंप उशिरा आलं, तर? इथंच माणसाची परीक्षा असते. घरी हँगरवर सगळे वाट बघत असतात. नवं विमान आहे, हार आणून ठेवलेत, फोटो काढायचेत. समोर सूर्य कलतोय. अशा वेळी आज नांदेडलाच मुक्काम, असं म्हणायला धैर्य लागतं. ते धैर्य व्याख्यानातून येत नाही. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला तसं करताना एकदा पाहिलं, की विद्यार्थ्यालाही थांबणं लाजिरवाणं वाटत नाही.

यात विमान बदलण्याचा भाग मोठा आहे. सेस्नावर शिकलेल्या मुलाच्या कानाला इंजिनाच्या मिनिटाला २,५०० फेऱ्यांचा आवाज सवयीचा असतो. टेकनाममधलं रोटॅक्स इंजिन पाच हजारांच्या वर फिरतं, मध्ये गिअर असतो, आणि आवाज सर्वस्वी वेगळा. सेस्नात हातात चाक, टेकनाममध्ये दांडा. सेस्ना १५२मध्ये दोन्ही टाक्यांचं इंधन एकत्र येतं आणि खाली एकच कळ चालू-बंद करायची. दुसऱ्या विमानात टाकी निवडावी लागते. या वेगळेपणाची सवय एका तासाच्या ओळखीच्या उड्डाणात होत नाही. तीन-चार तासांच्या सलग प्रवासात ती होते, कारण तेव्हा विमान नुसतं उडवायचं नसतं, त्याच्यासोबत राहायचं असतं. तापमानाचे काटे कुठे स्थिरावतात, इंजिनाचा नेहमीचा सूर कुठला, कुठली खिडकी वाजते. पुढे महिनाभराने काही बिघडलं तर ते ओळखणारा माणूस हाच.

याला विरोध करणारे प्रशिक्षक आहेत, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. नव्या विमानाची खोड माहीत नसते. अशा विमानात विद्यार्थी म्हणजे प्रशिक्षकावर आणखी एक ओझं. हा आक्षेप काही उड्डाणांना तंतोतंत लागू आहे. जोडणीनंतरचं किंवा मोठ्या दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण विद्यार्थ्यासाठी नाही. उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र चालू नसताना विशेष परवानगीवर विमान हलवलं जातं, त्यात आवश्यक तेवढेच कर्मचारी असावेत, असा दंडक आहे आणि तो मोडू नये. समुद्रावरचा प्रवास, आसनांच्या जागी जादा टाकी बसवलेलं विमान, हेही वगळावं. पण चाचणी झालेलं, कागद पूर्ण असलेलं विमान चांगल्या हवेत एका तळावरून दुसऱ्या तळावर नेताना हा आक्षेप टिकत नाही. उलट शेजारी शिकणारा असला की प्रशिक्षकही घाई कमी करतो. प्रत्येक निर्णय मोठ्याने बोलून दाखवावा लागतो, आणि बोललेला चुकीचा निर्णय लवकर लक्षात येतो.

दुसरा आक्षेप नियमांचा. परवान्यासाठी धरले जाणारे शिकवणीचे तास मान्यताप्राप्त संस्थेत, मान्यताप्राप्त प्रशिक्षकासोबतच झालेले हवेत. ही अट बरोबर आहे, आणि ती ढिली करा असं कुणी म्हणू नये. संस्थेचं विमान, संस्थेचा प्रशिक्षक, संस्थेचा विद्यार्थी असेल, तर हा प्रवास त्या अटीत बसवता येतो. गरज आहे ती स्पष्टतेची. डीजीसीएने संस्थांच्या प्रशिक्षण पुस्तिकेत ‘विमान तळावर आणण्याचा प्रवास’ असा स्वतंत्र पाठ मान्य करावा. त्यात कोण बसू शकतो, आधी किती तास झालेले हवेत, कुठली हवा चालेल, मुक्कामाचा निर्णय कुणाचा, हे लिहिलेलं असावं. असं लिहिलेलं असलं की संस्थेच्या मालकाला प्रशिक्षकावर आजच पोहोचण्याचा दबाव आणता येणार नाही. हा त्यातला सर्वांत मोठा फायदा.

राज्य सरकारलाही इथं काम आहे. नांदेड, लातूर, यवतमाळ, धाराशिव इथं धावपट्ट्या आहेत. छोट्या विमानाला तिथं पेट्रोल, दोरखंडाने बांधून ठेवायची जागा आणि रात्रीपुरता निवारा मिळाला, तर बारामती, जळगाव, गोंदियाची मुलं वाटेत निर्धास्त थांबू शकतील. विमान बांधून ठेवायला जमिनीत तीन कड्या पुरतात. एव्हीगॅसची पिंपं ठेवायला सुरक्षित शेड आणि अग्निशमनाची सोय लागते. या मागण्यांना कोट्यवधींचा खर्च नाही.

आणि ज्यांच्याकडे संस्था नाही, फक्त हौस आणि पैसा आहे, त्यांच्यासाठीही हेच. राज्यात स्वतःचं छोटं विमान घेणारे उद्योजक आणि डॉक्टर थोडे आहेत, पण ते वाढतील. विमान घेताना त्यांनी व्यवहारातच प्रशिक्षकाचे दिवस मोजून घ्यावेत, आणि विमा कंपन्यांनी नव्या विमानातले पहिले तास प्रशिक्षकासोबत झाल्याचा दाखला मागावा. परवाना हातात आहे, म्हणून हे विमानही आपल्याला येतं, असा समज डेन्व्हरच्या बाबतीत काय करून गेला ते वर आलंच आहे.

बारामतीच्या संस्थांना मात्र डीजीसीएच्या पत्राची वाट बघत बसायचं कारण नाही. पुढचं विमान कुठून यायचं आहे, हे त्यांना आधी माहीत असतं. ते ठरलं की त्याच आठवड्यात दोन-तीन विद्यार्थ्यांना नकाशा, वाऱ्याचा अंदाज आणि विमानाची पुस्तिका द्यावी. मार्ग, इंधन, मुक्काम आणि माघारीची जागा त्यांना मांडायला लावावी, आणि ज्याची मांडणी सर्वांत सावध असेल त्याला प्रशिक्षकाशेजारी बसवावं. बाकीच्यांनी जमिनीवर राहून हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक, उड्डाण आराखडा आणि वाटेतल्या विमानतळांचे फोन सांभाळावेत. विमान आल्यावर प्रशिक्षकाने सगळ्यांना एकत्र बसवून सांगावं, की आज कुठे ठरवलेलं बदललं, का बदललं, आणि पुढच्या विमानाच्या वेळी काय आधी करून ठेवायचं.